घर मिळतंय, मग घाबरता कशाला?

प्रश्न असा आला आहे: "आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या वस्तीला नोटीस आली. वस्ती उठणार, बदल्यात लिफ्टवाल्या इमारतीत फुकट घर मिळणार. तरी त्या दोन दिवस धड जेवलेल्या नाहीत. पक्कं घर मिळत असताना माणूस घाबरतो कशाला? आणि अशी घरं विकून लोक पुन्हा झोपडपट्टीत जातात, हे खरं आहे का?"

मी मुंबईत गेली सत्तावीस वर्षं हेच काम करते आहे. झोपड्यांचं सर्वेक्षण, पात्रतेचे कागद, संक्रमण शिबिरातले (नवं घर तयार होईपर्यंतच्या तात्पुरत्या खोल्यांतले) वाद, ताबा मिळाल्यावर सोसायटी उभी करणं. त्यामुळे जरा लांबण लागेल.

ताईंच्या डोक्यात दोन गोष्टी असणार. घर नक्की मिळणार का, आणि मिळालं तर कुठे. नोटीस वाचणारा बाहेरचा माणूस ‘घर’ या शब्दावर थांबतो. वस्तीतला माणूस त्यापुढचा पत्ता शोधतो, कारण त्याच्या नात्यातलं कोणी तरी याआधी उठून गेलेलं असतं आणि पुढे काय झालं ते त्याने बघितलेलं असतं.

आता दुसरा भाग, घरं विकण्याचा. होय, काही जण विकतात. अशी एक बाई मला चांगली आठवते. रस्ता रुंदीकरणात पश्चिम उपनगरातली तिची वस्ती उठली आणि तिला पूर्वेच्या टोकाला, खाडीच्या बाजूला, सातव्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. ताबा मिळाला त्या दिवशी तिने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, संडासाचं दार तीनदा उघडझाप करून पाहिलं. वीस वर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत काढलेल्या बाईला त्या दाराचं काय वाटलं असेल, ते मी सांगू शकत नाही.

आधीच्या वस्तीत तिच्याकडे पाच घरची धुणीभांडी होती, सगळी पायी पंधरा मिनिटांत. महिन्याला ३,६०० रुपये. नवरा रंगारी, सकाळी नाक्यावर उभा राहायचा, मुकादम ओळखीचा होता. नव्या जागेवरून ती सव्वापाचला निघायची. बस, मग गाडी, मग गाडी बदलून पुन्हा गाडी. पाचातली दोनच घरं टिकली, दीड हजार रुपयांची. सकाळी साडेसहाला पोळ्या हव्या असलेलं घर आधी सुटलं. प्रवासाला चारशे जायचे, सोसायटीचा मेंटेनन्स पाचशे, लाइट बिल साडेतीनशे. हा हिशेब तिने मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर मला मांडून दाखवला होता. खाली उरले होते अडीचशे. नवऱ्याला नव्या नाक्यावर कोणी ओळखेना. आठवीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी बसली, कारण आई दिवेलागणीला परतायची आणि जुन्या गल्लीत मुलावर लक्ष ठेवणारी शेजारीण आता दुसऱ्याच वसाहतीत होती. चार वर्षं तिने रेटलं. मग घर दुसऱ्याला लिहून दिलं आणि जुन्या वस्तीजवळ भाड्याची खोली घेतली. ज्यांच्याकडे ती पुन्हा कामाला लागली, त्यांच्यातलेच कोणी तरी म्हणाले असतील की बघा, फुकटचं घर विकून आली.

तिला घर नको होतं असं म्हणणाऱ्याने ते संडासाचं दार पाहिलेलं नाही.

आणि हेही सांगते की माझ्या पाहण्यात विकणाऱ्यांपेक्षा टिकून राहणारे कितीतरी जास्त आहेत. ते राहतात आणि किंमत मोजत राहतात, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. विक्रीवर बंदी घालून हा प्रश्न सुटेल असं सरकारला वाटत आलं. कायद्यात ही बंदी अनेक वर्षं १० वर्षांची होती, नंतर ती मुदत कमी झाली. बंदीमुळे व्यवहार थांबले नाहीत. ते कच्च्या कागदावर झाले, आणि कच्च्या कागदावर विकणाऱ्याला निम्माच भाव मिळतो.

घर आणि काम यांचं हे नातं काही मी शोधून काढलेलं नाही. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हुसकायला सुरुवात झाली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑल्गा टेलिस खटला म्हणून तो ओळखला जातो. १० जुलै १९८५ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मान्य केलं की ही माणसं कामाजवळ राहतात, कारण रोजच्या प्रवासाचा वेळ आणि खर्च त्यांना झेपणारा नसतो. डोक्यावरची जागा गेली की काम जातं, म्हणून उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. त्याच निकालाने नोटीस देऊन हटवायची मुभाही दिली, हे अर्धं वाक्य सोयीस्करपणे विसरलं जातं. पण पहिलं अर्धं वाक्य आजच्या प्रत्येक पुनर्वसन आराखड्याला लागू आहे, आणि आराखड्यात अंतराचा रकाना कुठेच नसतो. किती चौरस फूट, किती मजले, किती लिफ्ट, सगळं असतं. कामापासून किती लांब, हे मी आजवर एकाही तक्त्यात पाहिलेलं नाही.

ताईंची दुसरी भीती पात्रतेची. ही बाहेरच्यांना कळतच नाही, म्हणून सविस्तर सांगते.

वस्ती उठणार ठरलं की आधी सर्वेक्षण होतं. दारावर रंगाने किंवा स्टिकरने क्रमांक येतो. आत राहणाऱ्याचं नाव, फोटो, अंगठा, कागद. त्यावरून यादी तयार होते, तिला परिशिष्ट-२ म्हणतात. त्या यादीत नावापुढे एक शब्द असतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’, आणि त्या एका शब्दावर सगळं ठरतं. पात्र होण्यासाठी ठरलेल्या तारखेआधी तुम्ही तिथेच राहत होता याचा पुरावा लागतो. १९७६ ला झोपड्यांची गणना होऊन ओळखपत्रं दिली गेली. नंतर तारीख १ जानेवारी १९९५ झाली, मग १ जानेवारी २०००. त्यानंतर २०११ पर्यंतच्या लोकांना पैसे भरून घर द्यायचं ठरलं, आणि २०२३ मध्ये ती रक्कम अडीच लाख रुपये ठरली. तारीख पुढे सरकली की लोक म्हणतात मतांसाठी सरकवली. असेलही. पण झोपडीत राहणाऱ्याच्या बाजूने बघा. शेजारच्या दोन झोपड्या, एकच भिंत, एकाला घर आणि दुसऱ्याला काही नाही. फरक एवढाच की एकाचं नाव १९९९ च्या मतदार यादीत होतं आणि दुसरा त्या वर्षी बायकोच्या बाळंतपणाला गावी गेला होता.

एका वस्तीत सुनावणीच्या आदल्या रात्री एक आजी माझ्याकडे पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात तळाला तांदूळ, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. २००५ च्या २६ जुलैच्या पुरात सगळं गेलं, पण तांदळाचा डबा फळीवर होता म्हणून हे वाचले. फोटोपास, म्हणजे झोपडीचं ओळखपत्र, नवऱ्याच्या नावावर, नवरा वारलेला. रेशनकार्डावर आडनाव एक, मतदार यादीत दुसरंच, कारण लिहून घेणाऱ्याने ऐकू आलं तसं लिहिलं. लाइट बिल घराच्या आधीच्या मालकाच्या नावावर. बाई त्या खोलीत १९८६ पासून राहत होत्या, हे गल्लीतलं पोरही सांगेल. कागदावर त्या तीन वेगवेगळ्या बायका होत्या. पहिल्या यादीत ‘अपात्र’ आल्या. अपील, प्रतिज्ञापत्रं, पंचनामा, मुलाच्या शाळेचा जुना दाखला, असं करत सव्वादोन वर्षांनी ‘पात्र’ झाल्या. तोवर खोली तुटली होती आणि त्या भाचीकडे राहत होत्या.

त्यांच्यामागे कोणी तरी होतं. ज्यांच्यामागे नसतं ते यादीतून गळतात आणि दुसऱ्या कुठल्या तरी नाल्याकाठी नवी झोपडी बांधतात. "पुन्हा झोपडपट्टीत गेले" असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांतल्या अनेकांनी घर विकलेलं नसतं, कारण त्यांना ते मिळालेलंच नसतं. भाडेकरूंचं तर नावच कुठे येत नाही. माळ्यावर राहणारं कुटुंब, वरच्या खोलीतली पाच कामगार पोरं, हे मोजणीत नसतात. धारावीच्या चालू प्रकल्पातली वर्गवारी या गोष्टीवर बरीच बोलकी आहे. तळमजल्यावरच्या, २००० आधीच्या निवासी कुटुंबाला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर फुकट. २००० ते २०११ मधल्यांना धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचं, अडीच लाख भरून. त्यानंतरचे आणि वरच्या मजल्यावरचे यांना धारावीबाहेर, भाड्याने आणि पुढे हप्त्यांनी विकत घेण्याच्या बोलीवर. म्हणजे एकाच जिन्याच्या खालचे आणि वरचे दोन वेगळ्या ठिकाणी जाणार. बाहेरच्या घरांसाठी ज्या जागा पुढे आल्या, त्यांत मिठागरांची जमीन आहे आणि देवनारच्या कचराभूमीची जमीनही आहे.

इथून पुढचा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण गरिबांची घरं नेमकी त्याच कोपऱ्यात का जातात ते यातूनच कळतं.

फुकट घराचे पैसे कोण देतं? सरकार देत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं तेव्हा ४० लाख लोकांना मोफत घरांचं आश्वासन होतं, आणि ते पुरं करायची युक्ती अशी की बिल्डरने झोपडीवाल्यांची इमारत स्वतःच्या खर्चाने बांधायची आणि बदल्यात त्याला बाजारात विकायला जादा बांधकाम मिळायचं. सुरुवातीचं प्रमाण असं होतं: पुनर्वसनाच्या एका फुटामागे शहरात पाऊण फूट, उपनगरात एक फूट, धारावीत १.३३ फूट. घराचा आकार तेव्हा २२५ चौरस फूट, पुढे २६९, आता ३००. योजना जिथे जमीन महाग तिथे पळते, आणि जिथे विक्रीत पैसा नाही तिथे फाइल धूळ खाते. तीस वर्षं होत आली, आश्वासनातली निम्मी घरंही झालेली नाहीत.

वस्ती जागेवरच बसवायची असेल तर निदान पत्ता तोच राहतो. पण रूळ, रस्ता, नाला, जलवाहिनी, विमानतळ अशा जागेवरची वस्ती तिथे ठेवता येत नाही. या लोकांना ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतात, कार्यालयात नुसतं ‘पीएपी’. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. बिल्डरने स्वतःच्या जमिनीवर घरं बांधून ती सरकारी यंत्रणेला फुकट द्यायची आणि मोबदल्यात टीडीआर घ्यायचा, म्हणजे दुसरीकडे बांधण्याचा हक्क. हा हक्क त्याने वापरावा किंवा विकावा. अनेक वर्षं या हक्काचा जमिनीच्या भावाशी संबंधच नव्हता. मानखुर्दच्या स्वस्त जमिनीवर गरिबाचं घर बांधून मिळालेला फूट पश्चिम उपनगरातल्या महागड्या इमारतीवर तसाच्या तसा चढायचा. आता तुम्ही बिल्डर असाल तर पीएपींची घरं कुठे बांधाल? शहरातली सगळ्यात स्वस्त, कोणाला नको असलेली जमीन शोधाल. मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका, माहुल. गरिबांना एका कोपऱ्यात ढकला असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही, पण कायद्यातल्या गणिताने बरोबर तेच केलं. दुष्ट माणूस शोधून सापडत नाही, म्हणून ही गोष्ट मला जास्त टोचते.

त्या कोपऱ्याचा इतिहास मात्र टीडीआरच्याही आधीचा आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. कत्तलखाना १९७१ मध्ये वांद्र्याहून तिथे आला. तेलशुद्धीकरण कारखाने शेजारी. शहराला जे जवळ नको होतं ते इथे आलं, आणि मग शहराला जी माणसं जवळ नको होती तीही आली. ट्रॉम्बेची जनता कॉलनी म्हणजे मुळात शहरातून हलवलेल्यांचीच वस्ती. अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून तीही १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीत, पोलिसांचा वेढा घालून उठवली गेली आणि लोक चिता कॅम्पवर नेऊन टाकले. दलदलीत आखलेले १० बाय १५ फुटांचे तुकडे, एवढंच हातात. तिथली म्हातारी माणसं ‘कितव्यांदा उठलात’ या प्रश्नाला बोटं मोजून उत्तर देतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात २४ प्रभागांत हा भाग, म्हणजे महापालिकेचा एम पूर्व प्रभाग, तळाला होता. आणि शहरातून उठणाऱ्यांना नेऊन ठेवण्याचं काम त्या अहवालानंतरही तिथेच चालू राहिलं.

माहुलचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचे १० मीटर मोकळे करायचा न्यायालयाचा आदेश होता, त्यात हजारो कुटुंबं उठली आणि माहुलच्या ७२ इमारतींत पाठवली गेली. पलीकडे तेलशुद्धीकरण कारखाने. डिसेंबर २०१५ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाने म्हटलं होतं की या भागातल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. त्यानंतरही माणसं पाठवणं चालू राहिलं. खोकला, त्वचेचे आजार, दम. लोकांनी विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केलं. अखेर २३ सप्टेंबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरं घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० अनामत द्या. हा आकडा मी वस्त्यांच्या बैठकांत नेहमी सांगते. त्याने घाबरलेल्या माणसाला एक गोष्ट कळते की मिळालेल्या घराला ‘नको’ म्हणता येतं आणि न्यायालय ते ऐकून घेतं.

इमारतींबद्दल बोलायला हवं. झोपडपट्टी म्हणजे अंधार, कोंदट, रोगराई, आणि इमारत म्हणजे उजेड आणि हवा, असं आपण गृहीत धरतो. मानखुर्द-गोवंडीतल्या काही वसाहतींत दुपारी बाराला जिन्यात दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीची खिडकी हात लांब केला की लागेल एवढ्यावर, मधल्या फटीत कचरा आणि गळके पाइप. योजनेच्या नियमांत दर हेक्टरी घरांची संख्या ठरवून दिलेली आहे, आधी ५००, आता ६५०, आणि ती कमाल नव्हे, किमान आहे. यापेक्षा कमी दाटी चालणार नाही, असा नियम. शिवाय दोन इमारतींमधल्या अंतराच्या अटी शिथिल. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासात लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहती तपासल्या गेल्या. जिथे इमारती एकमेकींना चिकटून आहेत, मधलं अंतर जेमतेम तीन मीटर, तिथे क्षयरोग जास्त आढळला, आणि खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे त्याहून जास्त. झोपडीला निदान कौल सरकवून हवा घेता यायची, असं मला एका गृहस्थाने सांगितलं. त्यांची सून औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स दुसऱ्यांदा घेत होती.

दुकानदारांची परवड आणखी वेगळी. मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पात, म्हणजे एमयूटीपीत, जागतिक बँकेचं कर्ज होतं. कुर्ल्यातल्या दुकानदारांनी थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. पिढ्यांचं गिऱ्हाईक सोडून मानखुर्दला जा, आणि दुकान कितीही मोठं असो, बदल्यात २२५ चौरस फुटांचाच गाळा घ्या, हे त्यांना मान्य नव्हतं. मंडळाने २००५ च्या अखेरीस अहवालात पुनर्वसनाच्या नियोजनावर कडक ताशेरे ओढले आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा काही महिने रोखला. वस्तीत दुकान, घर, कारखाना वेगळे नसतात. पोटमाळ्यावर शिलाई मशीन, ओट्यावर भाजी, मागच्या बाजूला पापड वाळत घातलेले. सातव्या मजल्यावर ओटा नसतो.

जागेवरच पुनर्वसन झालं तरी भिंत येते. एकाच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत मागे कोपऱ्यात, विक्रीचा टॉवर पुढे रस्त्याकडे, मध्ये उंच कुंपण आणि दोन फाटकं. बाग, पार्किंग, मोकळी जागा टॉवरच्या बाजूला. टॉवर बांधण्याचा हक्क ज्यांच्यामुळे मिळाला ती माणसं पलीकडच्या फाटकातून भांडी घासायला जातात. पुनर्वसनाच्या लिफ्टचं पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर काय होतं ते मी डझनभर सोसायट्यांत पाहिलं आहे. देखभालीसाठी बिल्डरने ठेवलेल्या रकमेच्या व्याजात लिफ्टचा करारही भागत नाही. मग लिफ्ट बंद, आणि बाविसाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला महिनोन्महिने खाली उतरता येत नाही.

एक गोष्ट मला इथे बोलायलाच हवी, कारण ती सरकारच्या माथी मारता येत नाही. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारलं जातं, ताटात काय असतं ते विचारलं जातं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला, गोवंडीला का गेली, आणि त्यांच्या मुलांना आज दुसरीकडे घर का मिळत नाही, हे आपल्याला माहीत असतं. दलित मुलाला ‘घर गेलं’ असं फोनवर सांगून आठवडाभर त्याच घराची जाहिरात चालू असते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा पोटनियम संस्थेला ठेवता येतो असं म्हटलं. तेव्हा शहर गटागटांत वाटण्याचं काम नियोजन विभाग एकटा करत नाही. सोसायटीच्या मासिक सभेत आपणही ते करतो.

मग सरकारने घरं द्यायचीच नाहीत का? द्यायलाच हवीत, पण इतर वाटाही होत्या. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने याच मुंबईत वस्ती सुधारणेचा कार्यक्रम चालला होता. वस्तीतल्या लोकांच्या सहकारी संस्थेला जमीन भाडेपट्ट्याने, पाणी, गटार, संडास यांची सोय आणि घर सुधारायला कर्ज. लोक आपापल्या ऐपतीने बांधत गेले, कोणी उठलं नाही. त्या वस्त्या आजही ओळखू येतात. टॉवर उभे राहिले नाहीत आणि विकायला काही उरलं नाही, म्हणून नव्वदीनंतर त्या वाटेत कोणाला रस राहिला नाही. माझ्या मते सोडायला नको होती ती वाट हीच. दुसरं उदाहरण बीडीडी चाळींचं. १९२० च्या दशकातल्या सरकारी चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या. तिथे म्हाडा स्वतः बांधते आहे, त्याच जागेवर, ५०० चौरस फूट. २०२५ मध्ये वरळीत पहिल्या कुटुंबांना चाव्याही मिळाल्या. सरकारी चाळीतल्या भाडेकरूला जे मिळू शकतं ते झोपडीवाल्याला का मिळत नाही, याचं उत्तर मला अजून कोणी समाधानकारक दिलेलं नाही.

बैठकांत सिंगापूरचं नाव हमखास निघतं. तिथली सुमारे ८० टक्के जनता सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहते, हे खरं आहे. पण ते घर गरिबाचं म्हणून वेगळं काढलेलं नाही, मध्यमवर्गही त्यातच राहतो. १९६६ च्या कायद्याने सरकारने जमीन आपल्या हातात घेतली. आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या समाजाची किती कुटुंबं, याची मर्यादा आहे, म्हणजे एकाच समाजाचं मोहोळ होऊ नये. आपण सिंगापूरमधून मजले तेवढे उचलले.

आता ताईंना काय सांगायचं ते.

नोटिशीवर कोणाचं नाव आहे ते आधी बघा. बिल्डरची योजना आहे की प्रकल्पासाठी हटवणं, यावर जागेवर घर की बाहेर, हे ठरतं. बिल्डरची असेल तर निम्म्याहून जास्त, ५१ टक्के झोपडीधारकांची संमती लागते. पूर्वी ७० टक्के लागायची. संमतीपत्र कोरं असेल तर सही करू नये, कमिटीतला माणूस सख्खा दीर असला तरी. कुठल्या जमिनीवर, कितव्या मजल्यापर्यंत, किती दिवसांत आणि तोवरचं भाडं किती, हे त्या कागदावर लिहिलेलं हवं. दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा झाल्याशिवाय खोली रिकामी करू नये. अर्धवट सोडलेल्या योजनांतली माणसं दहा-दहा वर्षं संक्रमण शिबिरात सडलेली मी पाहिली आहेत.

सर्वेक्षणाच्या दिवशी घरातलं मोठं माणूस घरात हवं. तुमच्याकडे सुट्टी मागितली तर पगार न कापता द्या, कारण त्या दिवशी दार बंद दिसलं तर पुढची दोन वर्षं ते उघडं होतं हे सिद्ध करण्यात जातात. दारावर क्रमांक पडला की क्रमांकासकट, ताईंसकट दाराचा फोटो काढा, मागची गल्ली दिसेल असा. कागदांवरची नावं जुळतात का ते आजच बसून बघा. तुम्हाला वाचता येतं, तुमच्याकडे प्रिंटर आहे, तुमच्या एका संध्याकाळीत त्यांचं हे काम होऊन जाईल. नाव-आडनावाचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राचं काम यादी लागण्याआधी उरकावं. मुलांचे शाळेचे जुने दाखले, लसीकरणाचं कार्ड, बँकेचं बंद पडलेलं पासबुक, काही फेकू नये. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर जात असेल तर दोघांचं नाव लावायचा आग्रह यादीच्या वेळीच धरायचा, नंतर ते फार अवघड जातं.

आणि बाहेर पाठवणार असतील तर सही करायच्या आधी एक दिवस ताईंना तिथे जाऊन यायला सांगा. सकाळी, कामाला निघायच्या वेळी. जिथे घर मिळणार त्या इमारतीच्या खाली उभं राहायचं आणि तिथून तुमच्या दारापर्यंत यायचं, घड्याळ लावून. जाता-येता किती वेळ, किती पैसे, ते एका कागदावर लिहायचं. हरकत नोंदवायची वेळ आली तर तो कागद अर्जाला जोडता येतो, आणि सुनावणीत बसलेल्या अधिकाऱ्याला मी तो मोठ्याने वाचायला लावते.